चेंडूवर लक्ष कोणी ठेवायचं?

अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्याचं तिकीट काढलं की त्याबरोबर एक करारही होऊन जातो. पूर्वी तो तिकिटाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असे. आता तिकीट फोनमध्ये आलं, तसा करारही तिथंच कुठंतरी तळाशी जाऊन बसला आहे. त्याचा मथितार्थ असा: मैदानातून चेंडू किंवा तुटलेली बॅट प्रेक्षकांत येऊ शकते याची तुम्हाला कल्पना आहे, आणि तसं काही लागलं तर ती जोखीम तुमची. पाच वर्षांच्या मुलाचं तिकीटही याच अटीवर मिळतं.

नुसतं छापील वाक्य असतं तर सोडून दिलं असतं. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ ही पाटी वाचतच आपण मोठे झालो. असल्या मजकुराकडे बघून न बघितल्यासारखं करायची आपल्याला सवय आहे. पण इथं या वाक्यामागे शंभर वर्षांहून जुना कायदा उभा आहे. त्याला ‘बेसबॉल रूल’ म्हणतात. बॅटरच्या पाठीमागच्या सगळ्यात धोक्याच्या भागात क्लबनं जाळी लावली आणि जाळीमागे बसू इच्छिणाऱ्यांना पुरतील एवढ्या जागा ठेवल्या की त्याचं कर्तव्य संपलं. दुसरीकडे कुठं बसलेल्या माणसाला चेंडू लागला, तर त्याचा दावा बहुतेक वेळा ज्यूरीसमोर जायच्या आधीच निकालात निघतो. हा नियम रद्द व्हावा असं माझं मत आहे. ते लगेच जमणार नसेल तर निदान लहान मुलांच्या बाबतीत तरी तो आजच बाजूला काढावा.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवर ओझरताच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्रिकेटमध्ये बॅटची कड घेऊन चेंडू मागे गेला तरी तो खेळातच असतो. तिथं स्लिप असते, थर्डमॅन असतो, मग सीमारेषा आणि त्यापलीकडे प्रेक्षक. बेसबॉलचं मैदान म्हणजे बॅटरच्या पुढ्यात उघडणारा काटकोन. त्याच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल, आणि त्या काटकोनाच्या बाहेर, रेषेपासून थोड्याच अंतरावर, माणसं बसलेली असतात. आपल्याकडे पॉइंट किंवा स्क्वेअर लेग जिथं उभा राहतो त्याच दिशेला, थोडं मागे, इथं कोणाचे तरी आजोबा नाचोज खात असतात. चेंडूचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरासाच हलका. उंच उडालेला फाउल सावकाश येतो, लोक हात वर करून त्याची वाट बघतात, त्यात मजाही असते. भीती असते ती सरळ रेषेत, छातीच्या उंचीवरून येणाऱ्या फाउलची.

२० सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये यांकीज संघाच्या टॉड फ्रेझियरच्या बॅटवरून असा एक फाउल ताशी सुमारे १६९ किलोमीटर वेगानं तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या तिसऱ्या थांब्याच्या) बाजूच्या प्रेक्षकांत गेला. तिथं आजी-आजोबांबरोबर आलेली, दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. चेंडू तिच्या चेहऱ्यावर लागला. हा वेग सेकंदाला ४७ मीटर होतो. डगआउटच्या मागची खुर्ची बॅटरपासून तीसेक मीटरवर धरली, तर बॅटचा आवाज झाल्यापासून हातात जेमतेम सहा-दशांश सेकंद उरतो. त्यातला निम्मा वेळ ‘अरे, हा तर इकडेच येतोय’ हे डोक्यात शिरण्यातच जातो. वीस महिन्यांनी, २९ मे २०१९ ला, ह्यूस्टनमध्ये शिकागो कब्जच्या अल्बर्ट अल्मोराचा फाउल जाळीच्या पलीकडे बसलेल्या दोन वर्षांच्या मुलीला लागला. तिची कवटी फ्रॅक्चर झाली आणि मेंदूला कायमची इजा झाल्याचं कुटुंबाच्या वकिलांनी नंतर सांगितलं. अल्मोरा मैदानातच गुडघ्यांवर बसला. त्याच्या रडण्याची छायाचित्रं जगभर गेली. त्याचा काही दोष नव्हता. त्या मुलीचा आणि तिला घेऊन आलेल्यांचाही नव्हता. तरी कायद्याच्या लेखी जोखीम तिनंच पत्करलेली होती.

हा नियम आला कुठून? १९१३ साली मिझुरीतल्या एका अपील न्यायालयापुढे कॅन्सस सिटीतल्या प्रेक्षकाचा दावा आला. मैदानात काही जागा जाळीमागे होत्या, काही उघड्यावर, आणि कुठं बसायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. हा गृहस्थ उघड्यावर बसला आणि त्याला चेंडू लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की जाळीची जागा असताना तू ती घेतली नाहीस, आणि बेसबॉलमध्ये चेंडू इकडे तिकडे उडतात हे कोणाला ठाऊक नसतं? त्या काळात, त्या गावात, त्या प्रौढ माणसाच्या बाबतीत हा निवाडा मला फारसा अन्यायाचा वाटत नाही. चूक पुढे झाली. एका माणसानं उघड्या डोळ्यांनी केलेल्या निवडीवरून बहुतेक राज्यांत, सगळ्या प्रेक्षकांसाठी नियम झाला, आणि त्याखालची दोन गृहीतकं (प्रेक्षकाला खेळ कळतो आणि त्याचं लक्ष चेंडूवर असतं) पुन्हा कोणी फारशी तपासलीच नाहीत.

ती तपासायला एखादा शनिवार-रविवारचा दुपारचा सामना पुरेसा आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, तेव्हा ब्रिजवॉटरला जातो. तिथला सॉमरसेट पेट्रियट्स हा यांकीजचा डबल-ए संघ, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, मायनर लीगमध्ये खेळणारा. तिकीट यांकी स्टेडियमच्या मानानं स्वस्त, गाडी लावायला जागा, आणि भोवतालच्या गावांत आपली माणसं इतकी की रांगेत मागून ‘अगं, टोपी विसरली का?’ ऐकू आलं तर मान वळवायचं कारण नाही. चिरंजीवांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या इनिंगला पॉपकॉर्न. दुसऱ्या इनिंगला शू. तिसऱ्या इनिंगला समोर माणसाएवढं पिसांचं किंवा केसाळ सोंग येऊन नाचतं, त्याच्याशी हात मिळवणं. मग खेळाडूंची नावं विचारणं आणि उत्तर मिळायच्या आत दुसरं विचारणं. मग हवेच्या बंदुकीतून टी-शर्ट उडवतात, तेव्हा खुर्चीवर उभं राहून ओरडणं. मग छोट्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटमध्ये घालून दिलेलं आइस्क्रीम, ते शर्टावर, मग माझ्या शर्टावर. रविवारी सामना संपल्यावर मुलांना बेसवरून पळू देतात; तो खरा मोठा क्षण, त्यासाठी आधीचे नऊ डाव सोसायचे. (२०२३ मध्ये मेजर लीगनं पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावल्यापासून तिथले सामने जवळपास पंचवीस मिनिटांनी लहान झाले. गेल्या शंभर वर्षांत आईबापांवर खेळानं केलेला हा सगळ्यात मोठा उपकार.) या सगळ्यात चेंडूकडे किती वेळ बघितलं असं कोणी मला विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘अधूनमधून’ असं आहे. मी मुलाकडे बघत होते. आईनं तेच करायचं असतं आणि क्लबला हे पक्कं ठाऊक असतं, कारण सोंगापासून आइस्क्रीमच्या हेल्मेटपर्यंत सगळं त्यानंच तर मांडलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट खुपते. एका हातानं क्लब मुलांचं लक्ष चेंडूवरून काढून घेतो, त्यावर पैसे कमावतो, आणि दुसऱ्या हातानं लिहून घेतो की लक्ष चेंडूवर ठेवायची जबाबदारी तुमची. न्यायालयांनाही हा विरोधाभास कधीकधी दिसला आहे. कॅलिफोर्नियात १९९७ च्या एका प्रकरणात डायनोसॉरच्या वेषातलं सोंग मागून प्रेक्षकाला शेपटीनं ढोसत होतं, तो वळून बघेपर्यंत चेंडू चेहऱ्यावर आला. अपील न्यायालय म्हणालं की सोंगाशिवाय बेसबॉल खेळता येतो, त्यामुळे ही खेळाची अंगभूत जोखीम नव्हे. दावा चालू द्या. मिझुरीचं उदाहरण तर नाटकात शोभेल. तिथं कॅन्सस सिटी रॉयल्सच्या सिंहाच्या सोंगानं प्रेक्षकांत भिरकावलेला हॉट डॉग एकाच्या डोळ्याला लागला आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हॉट डॉग लागणं हा बेसबॉलचा भाग नाही, ज्यूरीनं ठरवावं. म्हणजे ज्या राज्यात हा नियम जन्मला तिथं उडत आलेल्या सॉसेजबद्दल दाद मागता येते, उडत आलेल्या चेंडूबद्दल ती जवळजवळ बंद.

याहून सरळ विचार जपानमध्ये झाला. २०१० साली सप्पोरो डोममध्ये आपल्या मुलांना घेऊन आलेल्या एका बाईंच्या उजव्या डोळ्यावर फाउल लागला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना क्लबनं आमंत्रण दिलं होतं, त्यांच्याबरोबर आई आली होती. तिला बेसबॉलचं फारसं ज्ञान नव्हतं. २०१६ मध्ये सप्पोरोच्या उच्च न्यायालयानं क्लबला सुमारे ३ कोटी ३५ लाख येन भरपाई द्यायला लावली. कारण असं दिलं: मुलांना तुम्ही बोलावलंत, तेव्हा त्यांच्याबरोबर खेळ न कळणारे पालक येणार हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं, आणि त्यांच्यापुरती जास्त काळजी घेणं तुमचं काम होतं. न्यायालयानं त्या बाईंकडेही थोडा दोष ठेवून रक्कम तेवढी कमी केली. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. तो स्टेडियम बंद पाडत नाही किंवा प्रत्येक खरचटण्याला क्लबला जबाबदार धरत नाही. कोणी कोणाला कशासाठी बोलावलं, एवढंच तो विचारतो.

‘खेळ न कळणारे पालक’ ही काही जपानची मक्तेदारी नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी नातवाला मांडीवर घेऊन डगआउटच्या मागे बसलेली मी पाहिली आहे. त्यांनी आयुष्यभर क्रिकेट ऐकलं-पाहिलं असेल, पण इथल्या चेंडूची वाट कुठून कुठं जाते हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. क्लब मात्र भारतीय कुटुंबं यावीत म्हणून ‘इंडियन हेरिटेज नाइट’ भरवतात, ढोल-ताशा आणि भांगडा ठेवतात. उत्तम आहे, यावंच. पण मग ‘हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं’ हे १९१३ चं वाक्य त्या आजींना लावता येत नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला जाळीमुळे दिसत नाही हा पहिला. तो मी फार मनावर घेत नाही. होम प्लेटच्या (बॅटर जिथं उभा राहतो त्या जागेच्या) थेट मागच्या जागा फार पूर्वीपासून जाळीमागे आहेत आणि स्टेडियममधल्या सगळ्यात महागड्या जागा त्याच आहेत. दुसरा आक्षेप चेंडू पकडण्याच्या आनंदाचा. तो खरा आहे. हातमोजा घालून आलेलं पोर नऊ डाव वाट बघतं आणि एकदाच, समजा, तो चेंडू खरोखर येतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण तो चेंडू जाळीवरून उंच येणारा असतो, किंवा होम रनचा, किंवा खेळाडूनं डाव संपल्यावर मुलाकडे टाकलेला. सरळ डोक्यात येणारा फाउल कोणतंच पोर पकडत नाही.

तिसरा आक्षेप पालकांनाच उद्देशून असतो, आणि तो जरा टोचतो: एवढी काळजी आहे तर लहान मुलाला घेऊन पुढच्या रांगेत बसता कशाला? वरच्या मजल्यावर बसा. हो, बसावं. आम्ही जाळीमागे किंवा लांब बसतो आणि मुलाला पुढे घेऊन बसणाऱ्या बापाला मीही मनातल्या मनात नावं ठेवते. पण पालकाची थोडी चूक असणं आणि सगळीच चूक पालकाची असणं यांत खूप अंतर आहे. इथल्या बाकीच्या अपघात कायद्यात दोष वाटून देण्याची सोय आहे, गाडी ठोकली तर ज्यूरी टक्के ठरवते. बेसबॉल रूल तो हिशेबच होऊ देत नाही. आणि मुलानं स्वतः काय निवडलं? खुर्ची बापानं घेतली, चेंडू मुलाला लागला, आणि जोखीम पत्करल्याचं खापर मुलाच्या माथी.

तुम्ही अटी मान्य केल्या होत्या, असंही सांगतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात म्हटलं की किल्ली एकदा हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली की पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापून हॉटेलला आपला निष्काळजीपणा झटकता येणार नाही. चोरीला गेली होती ती एक मारुती झेन. निष्काळजीपणातून सुटका छापून घेता येत नाही हे तत्त्व तिथं एका मोटारीला लागू झालं. इथं ते मुलाच्या डोक्याला लागू करायला काय हरकत आहे हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

ज्या आक्षेपाला मी खरोखर वचकून असते तो छोट्या गावांतल्या क्लबांचा. मेजर लीगची वार्षिक उलाढाल १० अब्ज डॉलरच्या वर. त्यांना विमाही परवडतो आणि जाळीही. पण लाकडी बाकांच्या मैदानावर खेळणाऱ्या, एका खटल्यात बुडू शकणाऱ्या क्लबाचं काय? याला आयडाहोकडे बोट दाखवता येतं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे बॉइझी हॉक्सच्या सामन्यात डोळा गमावलेल्या माणसाचं प्रकरण आलं, तेव्हा हा खास नियम स्वीकारायलाच न्यायालयानं नकार दिला. नेहमीचाच निष्काळजीपणाचा कायदा लावा, म्हणाले. बॉइझी हॉक्स आजही खेळतात. कारण नियम गेला म्हणजे क्लब आपोआप दोषी ठरत नाही. नीट जाळी लावलेली असेल, तिकीट विकताना सांगितलेलं असेल, तर तेच त्याचं उत्तर असतं. नियम गेल्यावर अडचण होते ती जाळी न लावणाऱ्याची.

आता तर सगळीकडे जाळ्या आल्या, मग हा वाद कशाला, असं विचारणारेही आहेत. जाळ्या आल्या खऱ्या, पण कशा आल्या ते बघा. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये १४ वर्षांच्या मुलाचा फाउल लागून मृत्यू झाला. काही बदललं नाही. खेळाडूंच्या संघटनेनं २००७ आणि २०१२ च्या करार-वाटाघाटींत जाळी वाढवायची मागणी केली, मालकांनी दाद दिली नाही. २०१४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं अंदाज काढला की वर्षाला सुमारे १,७५० प्रेक्षकांना असे चेंडू लागून इजा होते. तरीही शिफारशींपलीकडे गाडी गेली नाही. यांकी स्टेडियममधली ती मुलगी कॅमेऱ्यासमोर जखमी झाली, तेव्हा कुठं २०१८ चा हंगाम सुरू होईपर्यंत तीसही संघांनी डगआउटच्या टोकापर्यंत जाळी नेली. त्याच वर्षी डॉजर स्टेडियममध्येच ७९ वर्षांच्या बाई जाळीवरून आलेल्या फाउलनं गेल्या. ह्यूस्टननंतर जाळ्या आणखी लांबल्या. मायनर लीगच्या मैदानांना मुदत मिळाली ती २०२५ च्या हंगामाची. उलट आइस हॉकीत २००२ च्या मार्चमध्ये कोलंबसला १३ वर्षांची एक मुलगी पक (त्या खेळातली रबरी चकती) लागून गेली आणि पुढच्याच हंगामात लीगनं सगळीकडे जाळी सक्तीची केली. बेसबॉलला एवढा वेळ लागला, कारण न लावण्याची त्याला कायद्यानं किंमतच मोजावी लागत नव्हती. आज ज्या जाळ्या आहेत त्या लीगच्या मर्जीनं आहेत. स्वतंत्र लीग, कॉलेजं, उन्हाळी संघ यांना तर लीगची मर्जीही लागू नाही.

आमच्याच राज्यात विधिमंडळानं उलट दिशेनं पाऊल टाकलं आहे. न्यूअर्क बेअर्सच्या मैदानात खाण्यापिण्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला फाउल लागला, तेव्हा २००५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की खुर्चीवर बसलेल्याला हा नियम लावा, पण पैसे द्यायला मान खाली घातलेल्याला लावू नका. इतकी साधी गोष्ट. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं कायदा करून क्लबांचं संरक्षण परत आणलं. त्याचं नाव ‘बेसबॉल स्पेक्टेटर सेफ्टी ॲक्ट’, म्हणजे म्हणे प्रेक्षकांची सुरक्षितता. हा कायदा दुरुस्त करायला घटनादुरुस्ती लागत नाही. बारा वर्षांखालच्या मुलानं जोखीम पत्करली असं कोणतंही न्यायालय मानणार नाही, असं एक कलम त्यात घालायचं; तिकीट विकताना आसनांच्या नकाशावर जाळी कुठपर्यंत आहे ते दाखवणं सक्तीचं करायचं; आणि दर हंगामाला किती प्रेक्षक प्रथमोपचार केंद्रात गेले तो आकडा जाहीर करायला लावायचा. आकडा क्लबांकडे असणारच.

ट्रेन्टनहून, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीतून, हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्याकडे एक हत्यार आहे, ते म्हणजे ग्रुप बुकिंग. मराठी मंडळं, मराठी शाळा, सोसायट्या उन्हाळ्यात पन्नास-शंभर तिकिटं एकदम काढतात आणि क्लबचा विक्री विभाग अशा गिऱ्हाइकाला फोनवर फार गोड बोलतो. त्या फोनवर पार्किंग आणि व्हेज बर्गरच्या चौकशीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: आमचा सेक्शन पूर्ण जाळीमागे आहे का, आणि जाळीची उंची किती. उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं, तर ते सांगेपर्यंत पैसे भरू नयेत.